नाव : हरिबा

मांजरा नदीला पाणी चढलं की बेलघाटात दोघांचंच चालायचं, एक देवाचं आणि एक हरिबाचं. देवाला लोक वर्षाला एक नारळ द्यायचे आणि हरिबाला सुगीत पायलीभर ज्वारी. खरं विचाराल तर उपयोग पायलीचाच जास्त व्हायचा, पण देवाला राग येईल म्हणून गावात कुणी तसं बोलून दाखवत नसे.

बेलघाट म्हणजे कमलनगरच्या अंगाचा काठ. पलीकडं उतरलं की आठ कोसांवर बिदर. कचेरी बिदरला, हकीम बिदरला, मोठा बाजार बिदरला आणि मधे ही बया आडवी. आषाढापासून दिवाळीपर्यंत ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. तेव्हा हरिबा काहील काढायचा. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची ती थोरली लोखंडी कढई, आठ माणसं पाय पोटाशी घेऊन गोल बसतील एवढी. दिवाळीनंतर ती गुऱ्हाळावर चढायची आणि पावसाळ्यात नदीत उतरायची. बिचारीनं एक महिना बसून खाल्लं नसेल. आता काहील तरंगते, त्यात काही मोठं नाही. पण गोल भांडं आहे हो! वल्हं मारलं की पुढं जायचं सोडून जागच्या जागी गरगर फिरतं. ते फिरू न देता सरळ पलीकडं न्यायचं, ही विद्या पाच गावांत एकट्या हरिबाकडं होती. बापानं त्याला दुसरं काही दिलं नव्हतं, ही काहील आणि ही विद्या एवढंच.

एरवी हरिबा म्हणजे हडकुळा, मिशीला सुद्धा जोर नसलेला माणूस. गावात त्याला कुणी बस म्हणत नसे. पण काहिलीत बसला आणि वल्हं हातात घेतलं की पातशहा! "पाटील, पान थुंकायचं तर आत्ताच थुंका. अक्का, गठुडं मधी ठेव. मधल्या पाण्यात हसायचं न्हाई, खोकायचं न्हाई. भांडायचं तर तिकडं उतरल्यावर भांडा." आणि उद्धवराव पाटलासारखा माणूस, जो बायकोचं ऐकत नसे, तो मुकाट पान थुंकून बसायचा. हरिबाला त्या घटकाभराच्या राज्यापुढं दुसरं काही नको होतं.

फसली तेराशे छत्तीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सव्वीसच्या सुमाराला, हैदराबादेत कुणाला तरी रयतेचा कळवळा आला. कमलनगरकडच्या लोकांना बिदरला जायची सोय नाही, सबब मांजरेवर सरकारी नावेची कायमची सेवा सुरू करावी असं ठरलं. त्यासाठी घाट महकमा म्हणून एक नवं खातं निघालं. खातं निघालं की कारकून आले, कारकून आले की कागद आले. नाव तेवढी यायची राहिली. नाव घेण्याआधी घाटावर काय बंदोबस्त आहे ते कळावं म्हणून एक छापील उर्दू नमुना गावोगाव निघाला. त्या महकम्यातला मुन्शी फारच कनवाळू. होडीला 'कश्ती' लिहिलं तर तिकडच्या मराठी लोकांना कळायचं नाही, त्यांच्याही भाषेत असलेला सोपा शब्द घालावा, म्हणून त्यानं पहिल्या खान्यात, म्हणजे रकान्यात, लिहिलं, 'नाव'. इथंच सगळं फसलं.

बेलघाटचे पटवारी नरहरराव. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं. त्यांना उर्दू येत होती, पण ती जमिनीची. पाण्याची उर्दू त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. नमुना बघून त्यांचे डोळे पाणावले. हरिबाला चावडीवर बोलावून म्हणाले, "बघ रे, सरकारला आपली केवढी कदर! 'नाम' लिहिलं न्हाई, 'इस्म' लिहिलं न्हाई. चक्क आपलं मराठी 'नाव' छापलंय." आणि त्या खान्यात मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, हरिबा.

"मालक, हे कशापाई?" हरिबानं विचारलं.

"सरकारी नाव चालू व्हायलीय घाटावर. तुझी माहिती मागितलीय. ठेवत असतील तुलाच नावाडी म्हणून."

हरिबानं मुंडासं सारखं केलं. पुढचा खाना होता 'लंबाई'. नरहररावांनी त्याला भिंतीला उभं करून हातानं मापलं. साडेतीन हात. 'चौडाई' म्हणून छाती मापली. तेव्हा हरिबाला जरा शंका आली. "मालक, छाती कामून मापायलाव?"

"अरे फौजेत मापतात, पोलिसात मापतात. सरकारी काम हाय हे, शेळ्या राखायच्या न्हाईत."

'उम्र', चाळीस. 'छेद कितने', इथं नरहरराव अडले. त्यांनी हरिबाला खालीवर न्याहाळलं. लहानपणी टोचलेली कानाची भोकं दिसली, तेव्हा लिहिलं, दोन. 'पेंदा मजबूत है या नहीं?' पेंदा म्हणजे बूड एवढं त्यांना ठाऊक होतं. हरिबाला पाठमोरं व्हायला सांगितलं, नीट बघितलं आणि लिहिलं, मजबूत. 'कितने मुसाफिर?' "एका खेपंला आठ," हरिबा म्हणाला. तेही लिहिलं. शेवटचा खाना होता 'मल्लाह'. हा शब्द नरहररावांनी ना खसऱ्यात वाचला होता ना जमाबंदीत. उत्तरेकडची एखादी जात असेल असं ठरवून त्यांनी लिहिलं, 'इस गाँव में नहीं'. वाळू टाकून शाई टिपली आणि कागद तालुक्याला धाडला.

राजूबाईनं, म्हणजे हरिबाच्या बायकोनं, त्या आनंदात दहा घरांत गूळ वाटला.

तीन महिन्यांनी हुकूम आला. चावडीवर नरहरराव वाचायला उभे राहिले आणि दुसऱ्या ओळीलाच थांबून त्यांनी ती पुन्हा वाचली. सरकारला कळून आनंद झाला की बेलघाटी 'हरिबा' नावाची नाव आधीपासून मौजूद आहे. लांबी साडेतीन हात, तरी आठ मुसाफिर नेते. दोन छेद आहेत, तरी बुडत नाही. चाळीस वर्षं जुनी, तरी पेंदा मजबूत. सबब नवी नाव खरीदण्याची जरूर नाही. गावात मल्लाह, म्हणजे नावाडी, नसल्यामुळं तो कचेरीतून पाठवण्यात येईल. नावेला दरसाल डांबर लावावं. आणि घाटावर सरकारी नाव असताना खानगी साधनानं मुसाफिर नेण्यास सक्त मनाई. साडेतीन हातांत आठ माणसं कशी बसतात, हे त्या अख्ख्या महकम्यात एकालाही विचारावंसं वाटलं नाही. बिनपाण्याच्या खोलीत बसून नावेचा हिशेब केला की असंच होतं!

"म्हंजी मी नाव?" हरिबा म्हणाला.

"कागदावर," नरहरराव म्हणाले.

"मग खोडा की कागद!"

"हुकमावर थोरल्या साहेबांची सही हाय. ती खोडायला त्यांच्या वरची सही लागती. आणि चूक कुणाची म्हणून विचारलं तर माझी लेकरंबाळं उघडी पडतील रे."  मग नरहररावांनी घाटावर जाऊन हरिबाची काहील उपडी करवली, सुतळी बांधली आणि वर लाखेची मोहोर ठोकली. हरिबा बघत राहिला. बापाचं प्रेत उचललं तेव्हा तो रडला नव्हता, पण त्या दिवशी रडला. काहील सोडवायची, एवढं एकच त्याच्या मनानं घेतलं.

डांबराचा डबा आला. ते हरिबाला लावल्याशिवाय तालुक्याला रुजवात देता येईना. शेवटी नरहररावांनी त्याच्या टाचांच्या भेगांत बोटभर डांबर भरलं आणि 'तामील केली' म्हणून लिहिलं. भेगांना आराम पडला, हा त्या महकम्याचा रयतेला झालेला पहिला फायदा.

मग नावाडी आला. किशनराव त्याचं नाव, कचेरीतल्या कुणाचा तरी मेहुणा, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा. जन्म शहरात गेलेला, पाणी बघितलं ते घागरीत. घाटावर येऊन त्यानं विचारलं, "नाव कुठाय?"

"मीच," हरिबा म्हणाला.

किशनराव भला माणूस. त्याला वाटलं ह्यानं आपलं नाव सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा सगळं ऐकून घेतलं आणि मटकन खाली बसला. "बरं झालं," म्हणाला, "मला पोहता येत न्हाई."

तेव्हापासून सेवा सुरू झाली. लिंबाखाली नाव आणि नावाडी शेजारी शेजारी बसायचे, तंबाखू मळायचे. रोजच्या रोज अहवाल जायचा, 'आज मुसाफिर आले नाहीत.' येणार कसे? कमलनगरचा सिद्धलिंगप्पा व्यापारी एकदा आला, तर किशनराव कायद्याला धरून म्हणाला, "नावेवर बसा." सिद्धलिंगप्पानं हरिबाच्या खांद्याकडं बघितलं, आपल्या पोटाकडं बघितलं आणि वरच्या उतारानं सात कोसांचा फेरा घालून गेला. दवापाण्याला निघालेली माणसं माघारी फिरू लागली. काठावरून ती हरिबाला शिव्या द्यायची. "सरकारी झालास की रं! माजलास!" हरिबाला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उपड्या काहिलीपाशी जाऊन तो नुसता हात ठेवायचा.

राजूबाईचा वेगळाच वैताग. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. वाटसरूनं घाटावर कोणती नाव आहे म्हणून विचारलं की ती पदराआडून सांगायची, "नाव न्हाई घेत मी. आमचं माणूस हाय ते."

भाद्रपदात दुय्यम तालुकदार साहेब दौऱ्यावर आले. त्यांना दुसऱ्या दिवशी बिदर गाठायचं होतं. दोन्ही काठ भरून पाणी चाललं होतं. घोड्यावरून उतरून त्यांनी फर्मावलं, "नाव लाओ." सगळ्या गावानं हरिबाकडं बोट दाखवलं. हरिबा पुढं होऊन मुजरा करून उभा राहिला. साहेबांनी त्याच्या डोक्यावरून मागं बघितलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग नरहररावांनी पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं.

आता साहेब भडकणार, पटवाऱ्याची नोकरी जाणार आणि काहील सुटणार, असं हरिबाला वाटलं. पण साहेबांचा चेहरा भलताच उतरला. त्यांनी पेशकाराकडून, म्हणजे बरोबरच्या कारकुनाकडून, फाइल मागून घेतली. आत सहामाही तपासणीचा कागद होता. 'मौक्यावर जाऊन नाव पाहिली. उम्दा आहे.' खाली साहेबांचीच सही. मौका त्यांनी आज पहिल्यांदा बघितला होता.

 मग साहेब फाइल मिटून म्हणाले, कागद खोटा असू शकत नाही. नाव होती. आता नाही. त्याअर्थी ती बुडाली.

नरहररावांच्या जिवात जीव आला. लगेच पंचनामा बसला. 'आज रोजी नाव हरिबा पुराच्या पाण्यात बुडाली, सापडली नाही.' चार पंच मिळाले, पाचवा मिळेना. हरिबा अंगठा पुढं करून म्हणाला, "मी देतो की." पेशकारानं त्याला हाकललं. नावेला पंच होता येत नाही, आणि बुडालेलीला तर मुळीच नाही. मग उद्धवराव पाटलानं सही केली. नाव बुडाल्यामुळं तात्पुरता इंतजाम म्हणून काहिलीची मोहोर फोडावी, असा साहेबांनी हुकूम दिला. लाख फुटली, सुतळी सुटली. हरिबा धावतच गेला, काहील सुलटी केली, आतला पालापाचोळा हातानं काढला आणि वल्हं उचललं. त्याला हसावं की रडावं कळेना.

"थांब," नरहरराव म्हणाले. त्यांच्या हातात नियमांचं पुस्तक होतं, आणि ते इतके घाबरलेले होते की आता एक सुद्धा नियम त्यांना मोडायचा नव्हता. "बुडालेली नाव पुन्हा वापरात आणू नये, असं हाय रे. काहील किशनराव चालवतील."

"अवं मालक, त्यांला येत न्हाई!"

"पण ते बुडालेले न्हाईत."

साहेब आणि पेशकार काहिलीत बसले. किशनराव कापत कापत चढला, डोळे मिटून वल्हं मारलं. काहील काठापासून चार हातांवर गेली आणि गरगर फिरायला लागली. एकदा साहेबांचं तोंड गावाकडं, एकदा बिदरकडं. पेशकार देवाचा धावा करायला लागला, साहेबांची टोपी पाण्यात पडली, फाइल त्यांनी छातीशी धरून ठेवली. हरिबा काठावर तडफडत होता. "वल्हं उलटं धरा! अवं उलटं!" आत उतरायला पाय उचलायचा आणि नरहरराव त्याचं धोतर धरायचे.

तेवढ्यात राजूबाई पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. "काय रे मुडद्यांनो! बुडालेली नाव असती कुठं? पाण्यातच की न्हाई? मग जाऊ द्या की त्यास्नी पाण्यात!"

नरहररावांनी पुस्तक चाळलं. बुडालेली नाव पाण्यात असू नये, असा नियम नव्हता. फिरत फिरत साहेब काठासमोर आले तेव्हा ओरडले, "दुरुस्त है! औरत दुरुस्त बोलती है!" धोतर सुटलं. हरिबानं उडी घेतली, काहिलीच्या काठाला एक हात लावला आणि फिरणं थांबलं. छातीनं रेटत, पायानं पाणी मारत त्यानं ती सरळ पलीकडं नेली. साहेब उतरले, ओली कॉलर झटकली आणि नावाड्याला, म्हणजे किशनरावाला, शाबासकी देऊन गेले.

हीच पुढची रीत पडली. आत आठ माणसं, वल्हं मांडीवर घेतलेला किशनराव, आणि बाहेर पाण्यात हरिबाचं मुंडकं. पुढच्या सालच्या अहवालात महकम्यानं लिहिलं, 'बेलघाट येथील नाव बुडाल्यापासून सेवेत फारच सुधारणा झाली आहे. इतर घाटांवरही असा प्रयोग करून पाहावा.' नरहररावांनी ते चावडीवर वाचून दाखवलं तेव्हा गाव पोट धरून हसलं. हरिबाही हसला. पण घरी आल्यावर राजूबाईला म्हणाला, "काहील सुटली गं, पर मला तिच्यात बसता येईना. काठाला हात लावून पोहतो तवा आतली माणसं बोलत्यात, हसत्यात, पान खात्यात. माझं कुणी ऐकत न्हाई. पाण्यातल्या माणसाचं कोण ऐकतंय?"

किशनरावाला त्याची लाज वाटायची. पगार आपला, मेहनत ह्याची. दुसऱ्या पावसाळ्यात त्यानं हरिबाला गळ घातली, "अण्णा, मला पोहायला शिकवा." त्याच्या पाठीला दोन वाळलेले भोपळे बांधून हरिबानं ते गोल शहरी धूड मांजरेत लोटलं. किशनराव निम्मी नदी प्याला, पण शिकला. तिसऱ्या वर्षी भोपळे सुटले आणि तो हरिबाच्या जोडीनं पाण्यात उतरून काहील रेटायला लागला. तरी साहेब लोक असले की तो आतच बसायचा, कारण नावाडी पाण्यात दिसला तर नवा पंचनामा झाला असता.

अशी नऊ वर्षं गेली. नऊ पावसाळे गळ्यापर्यंत पाण्यात काढले तर लोखंड गंजतं, माणसाचं काय घेऊन बसलात? आधी गुडघे गेले, मग छातीत खोकला बसला, तो उन्हाळ्यातही उठेना. दहाव्या आषाढात हरिबाला घोटभर पेज पचेना. गावच्या औषधानं हात टेकले. बिदरच्या हकिमाकडं न्यायचं ठरलं.

घाटावर पाणी चढलेलं होतं. किशनरावानं हरिबाला घोंगडीत गुंडाळून उचलून आणलं आणि थेट काहिलीत ठेवलं. नरहरराव काठावर होते. त्यांचं तोंड उघडलं, बहुतेक तो बुडालेल्या नावेचा नियमच ओठावर आला असावा. मग त्यांनी तोंड मिटलं, जोडा काढला आणि गुडघाभर पाण्यात उतरून काहिलीचा काठ धरून उभे राहिले. राजूबाई नवऱ्यासमोर बसली. किशनरावानं सदरा काढून काठावर टाकला आणि पाण्यात उतरला.

काहील ढकलली तशी ती राजूबाईच्या अंगाला कलली. एवढी कलली की पाणी तिच्या काठाला लागलं. राजूबाई घाबरून म्हणाली, "अवं, काय झालं हिला?"

हरिबानं डोळे उघडले. काहील, पाणी, बायको, सगळं एकदा बघून घेतलं. खोकला आवरून म्हणाला, "काय न्हाई. तुझ्याबरोबरीचं वजन न्हाई माझ्याकडं. किशनराव, माझ्या अंगाला एक धोंडा ठेव."

किशनरावानं काठावरचा एक धोंडा आणून त्याच्या पायाशी ठेवला. काहील अजून कललेलीच होती. तो माघारी गेला आणि दुसरा आणला. दुसरा ठेवल्यावर ती सरळ झाली.